केजन सीफूड मागवण्याआधी भाव विचारा

अमेरिकेतल्या केजन (लुइझियाना राज्यातल्या मसालेदार पद्धतीच्या) चेन रेस्टॉरंटमध्ये क्रॉफिश, म्हणजे छोट्या लॉबस्टरसारखा गोड्या पाण्यातला जीव, पाउंडाच्या वजनावर मिळतो आणि मेनूवर बरेचदा नुसतं ‘मार्केट प्राइस’ लिहिलेलं असतं. म्हणून ऑर्डर देण्याआधी आजचा भाव विचारा. खायचं मांस मुख्यतः शेपटीत. पाउंडभर, म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम क्रॉफिशमधून ते जेमतेम ७० ग्रॅम निघतं. तेव्हा पोटभरीला कोळंबी घ्या, क्रॉफिश चवीपुरता. मार्च ते मे हा लुइझियानातला ऐन हंगाम. मनसोक्त क्रॉफिश खायचा तर तेव्हाच.

मसाला मध्यम सांगा, जास्तीचा सॉस वेगळा मागवा. सीफूड मसाल्यासकट पिशवीत घालून देतात, त्यात एकदा कालवलेलं तिखट काढता येत नाही. सोबत साधा भात हवाच, लसूण-बटरचा रस सोडवत नाही!

एक जपा: सीफूडसोबत मिळणारं आंदुई सॉसेज सहसा डुकराच्या मांसाचं असतं. चालत नसेल तर आधीच सांगा.