स्पॅनिशमध्ये हुंकार कसा भरावा

आजी गोष्ट सांगायची तेव्हा तिची एकच अट असायची: हुंकार भरायचा. "एक होता राजा." "हं." "त्याला दोन राण्या." "हं." हुंकार थांबला की पोरं झोपली असं समजून ती गोष्ट तिथेच सोडायची. पोवाड्यात शाहिराच्या मागे उभे राहून "जी जी रं जी" करणारे झीलकरीही थोडंफार हेच काम करतात. म्हणजे या कामात आपण मराठी माणसं मुरलेलो. तरीही स्पॅनिश बोलायला बसले आणि मी हुंकारच विसरले.

सहा महिने वर्ग केल्यावर स्पेनमधल्या बालेन्सिया शहरातल्या एका बाईंशी फोनवर बोलायचं ठरलं होतं. अर्धा तास त्यांची इंग्रजी, अर्धा तास माझी स्पॅनिश. त्यांनी बोलायला सुरुवात केली आणि मी वर्गात बसल्यासारखी गप्प. एकेक क्रियापद ओळखण्यात इतकी गुंग की श्वासाचाही आवाज नाही. दोन-तीन मिनिटांनी पलीकडून प्रश्न आला, "एस्तास आई?" मला वाटलं, आईची चौकशी चाललीय. मी म्हणाले, "सी, ब्येन," म्हणजे हो, बरी आहे. त्या विचारत होत्या, "आहेस ना तिथे?"

नवशिक्याला धड बोलायला एक-दोन वर्षं लागतात. चांगला ऐकणारा मात्र पहिल्या महिन्यातच होता येतं, कारण त्याला जेमतेम वीसेक शब्द लागतात. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ व्हिक्टर इंग्वे यांनी १९७० साली अशा प्रतिसादांना 'बॅकचॅनल' असं नाव दिलं. स्पॅनिश अभ्यासक त्यांना 'तुर्नोस दे आपोयो' म्हणतात, म्हणजे आधाराच्या पाळ्या. मला दुसरं नाव जास्त आवडतं. बोलणाऱ्याचं बोलणं काढून न घेता त्याला नुसता टेकू द्यायचा.

१. चार आवाज तोंडात बसवा

सी, आहा, क्लारो, या. सुरुवातीला एवढे पुरे. पण चौघांची कामं वेगवेगळी आहेत.

'सी' म्हणजे हो. निरुपद्रवी, पण फक्त तेवढंच म्हणत राहिलात तर समोरच्याला पाच मिनिटांत कळतं की तुम्हाला काहीही कळत नाहीये.

'आहा' म्हणजे आपलं साधं 'हं, पुढे?'. जोर दुसऱ्या अक्षरावर. गजलेच्या मैफलीतला 'आहाऽ' नको, आणि नाकातूनही नको. नाकात गेला की तो आपल्या 'अंहं'च्या जवळ जातो, आणि 'अंहं' म्हणजे तर नाही.

'क्लारो' म्हणजे 'बरोबरच आहे, अर्थातच'. "खूप दमले होते, म्हणून आले नाही," असं कोणी म्हटलं तर 'क्लारो' अगदी चपखल. पण कोणी नवी बातमी सांगत असेल, "मी नोकरी सोडली," आणि तुम्ही म्हणालात 'क्लारो', तर त्याचा अर्थ 'ते होणारच होतं' असाही निघतो.

'या' स्पेनमध्ये फार ऐकू येतो, चिलीतही. 'हं, कळतंय' असा त्याचा सूर. एकदाच, हलक्या आवाजात म्हणा. ओढून दोनदा 'याऽ, याऽ' म्हटलं की सूर बदलतो. 'बरं' आणि 'बरं बरं' यांत जो फरक आहे तोच.

याशिवाय 'ठीक आहे, ठरलं' असं म्हणायला प्रत्येक देशाचा आपला शब्द आहे. स्पेनमध्ये 'बाले', कोलंबियात 'लिस्तो', अर्जेंटिनात 'दाले'. मेक्सिकोत 'साले' म्हणतात. ती शिवी नाही, उगाच दचकू नका. स्पॅनिश वीस देशांची राजभाषा आहे, सगळ्यांचे शब्द पाठ करत बसण्यात अर्थ नाही. ज्याच्याशी बोलताय त्याचाच शब्द उचला.

उच्चारात आपण जन्मजात नशीबवान आहोत. स्पॅनिश 'त' आणि 'द' दातांचे, आपल्यासारखेच. घोळ होतो तो इंग्रजी वळणाने वाचल्यामुळे. 'दे बेर्दाद?' म्हणजे 'खरंच?'. त्याचं 'डे व्हेर्डॅड' करू नका. शेवटचा 'द' तर बहुतेकदा ऐकूही येत नाही, 'बेर्दा'पाशीच थांबतो.

२. विराम ओळखा

वाक्य संपेपर्यंत थांबायचं नाही. बोलणारा श्वास घेतो, 'आणि' किंवा 'पण' म्हणून क्षणभर रेंगाळतो, तिथे हुंकार टाकायचा. स्पेनमध्ये तर तुमचा आवाज त्याच्या आवाजावर चढला तरी कोणी वाईट वाटून घेत नाही, उलट रस घेताय असं समजतात. शाळेत 'मोठी माणसं बोलत असताना मध्ये बोलू नये' असं ऐकून मोठं झालेल्यांना हे जड जातं. मलाही गेलं. मग मी स्वतःची समजूत घातली, आजीच्या गोष्टीत आपण मध्येच बोलायचो ना?

३. 'के' लावा

स्पॅनिशमधला माझा सगळ्यात लाडका शब्द. 'के' म्हणजे 'काय'. त्याच्या पुढे कुठलंही नाम किंवा विशेषण ठेवा, भावना तयार. 'के ब्येन!' म्हणजे किती छान. 'के कालोर!' म्हणजे काय उकडतंय. 'के रीको!' खाण्याची गोष्ट निघाली की. 'के ओरोर!' म्हणजे भयंकर. 'के सुएर्ते!' म्हणजे नशीब काढलंस. 'काय गंमत', 'काय वैताग' आपण म्हणतोच, त्याच घडणीचं आहे हे. व्याकरण शून्य, क्रियापद नाही, काळ नाही, आणि तरी ऐकणाऱ्याला वाटतं की हिला बोलता येतं.

दुःखाच्या बातमीला 'के पेना' शिकवतात. स्पेनमध्ये ते चालतं. कोलंबियात मात्र 'के पेना' बऱ्याचदा 'माफ करा हं' अशा संकोचाच्या अर्थाने येतं. म्हणून मी 'के लास्तिमा' वापरते, ते सगळीकडे कळतं. कोणी गेल्याची बातमी असेल तर यातलं काहीच नको. तिथे 'लो स्येन्तो मूचो' म्हणायचं आणि थांबायचं.

या पायरीवर मी तोंडघशी पडले आहे. बालेन्सियाच्या बाई एकदा आजीबद्दल सांगत होत्या. मला 'आबुएला' म्हणजे आजी कळलं, 'कासा' म्हणजे घर कळलं. मधलं 'से कायो' कानावरून गेलं. आजी घरी आली असेल असं धरून मी उत्साहाने म्हणाले, "के ब्येन!" आजी घरात पडली होती. फोनवर जी शांतता पसरली ती अजून आठवते.

तेव्हापासून माझा नियम: भावना आवाजावरून ठरवायची, ओळखीच्या शब्दांवरून नाही. सूर खाली आला, वेग मंदावला, तर 'ब्येन' तोंडात येऊ द्यायचं नाही. खात्री नसेल तर 'आ, सी?' म्हणजे 'हो का?' किंवा 'एन सेर्यो?' म्हणजे 'खरं की काय?' म्हणा. चांगल्या आणि वाईट, दोन्ही बातम्यांना ते चालतं.

आणि कोणी 'नो मे दीगास!' म्हणालं तर गप्प होऊ नका. शब्दशः त्याचा अर्थ 'मला सांगू नकोस', पण भाव आपल्या 'काय सांगतेस!'चा. वडीलधाऱ्यांशी, अनोळखी माणसाशी बोलताना तेच 'नो मे दीगा' होतं. तू आणि तुम्ही यांतला फरक आपल्याला समजावून सांगावा लागत नाही.

४. शेवटचा शब्द परत द्या

समोरची म्हणाली, "काल मी तोलेदोला गेले होते." तुम्ही: "आ तोलेदो?" ती: "कोन मी सुएग्रा." सासूबरोबर. तुम्ही: "कोन तू सुएग्रा?!" आता पुढची दहा मिनिटं ती बोलणार, तुमचं काम झालं.

इथे फक्त एक गोष्ट सांभाळायची. 'मी' म्हणजे माझं, ते परत देताना 'तू' म्हणजे तुझं करायचं. गडबडीत मी एकदा 'कोन मी सुएग्रा?' असं म्हणून माझ्याच सासूबाईंना तोलेदोला पाठवलं होतं.

याला जोडून तीन प्रश्न घोटून ठेवा. 'इ के पासो?' म्हणजे मग काय झालं. 'इ तू?' म्हणजे आणि तू. 'पोर के?' म्हणजे का. आपलं 'मग?' ज्या सहजतेने निघतं तितक्या सहज 'इ के पासो?' निघायला हवं. गोष्ट नीट संपली, हरवलेली पर्स सापडली वगैरे, की 'मेनोस माल!' म्हणजे 'बरं झालं बाई, सुटलो'.

५. मीपण की मलापण?

इंग्रजीतून स्पॅनिश शिकणारे इथे हमखास अडखळतात, आणि मराठीतून शिकणारा सरळ पार होतो. कोणी म्हणालं, "मे गुस्ता एल काफे," तर शब्दांची रचना हुबेहूब आपलीच आहे: मला कॉफी आवडते. मग उत्तर 'मलापण', म्हणजे 'आ मी ताम्ब्येन'. पण कोणी म्हणालं, "एस्तोय कान्सादा," मी दमले आहे, तर उत्तर 'मीपण', म्हणजे 'यो ताम्ब्येन'. मराठीत मनाशी म्हणून पाहा. 'मला' आलं तर 'आ मी', 'मी' आलं तर 'यो'. प्रत्येक क्रियापदाला हा ताळा बसेल असं नाही, पण आवडण्या-नावडण्याच्या गप्पांत तो फसत नाही.

वाक्य नकारी असेल तर 'ताम्ब्येन'च्या जागी 'ताम्पोको'. मलाही नाही, मीही नाही.

एक सबुरी ठेवा. 'मलापण' म्हणून झालं की तोंड बंद. तुमची कॉफीची कहाणी नंतर.

६. 'ना' ऐका

स्पॅनिश बोलणारे वाक्याच्या शेवटी 'नो?' लावतात. 'आसे कालोर, नो?' म्हणजे 'उकडतंय, ना?'. (स्पेनच्या बऱ्याच भागात तेच 'आथे' असं ऐकू येईल.) हा नकार नाही, आपला 'ना' आहे आणि त्याला उत्तर हवं असतं. अर्जेंटिनात याच जागी 'बिस्ते?' येतं, चिलीत 'काचाय?', इतर ठिकाणी 'साबेस?' किंवा 'बेर्दाद?'. यांतलं काही कानावर पडलं की तुमची पाळी आली असं समजा. एक 'सी' किंवा 'क्लारो' पुरतो, पण तो यायला हवा.

७. हरवलात तर सांगा

नाही कळलं तर 'सी, सी' करत पुढे जाण्याचा मोह मोठा असतो. मी गेले आहे, आणि शेवटी कशाला होकार दिलाय हे न कळता शनिवारी सकाळी सहा वाजता फोनला हजर राहिले आहे.

'कोमो?' म्हणा, म्हणजे 'काय म्हणालात?'. नुसतं 'के?' थोडं उद्धट वाटू शकतं. मेक्सिकोत याच जागी 'मांदे?' ऐकू येईल, अदबीचा शब्द आहे. 'मास देस्पास्यो, पोर फाबोर' म्हणजे 'जरा हळू, प्लीज'. 'मे पेर्दी' म्हणजे 'माझा धागा सुटला'. स्पेनमध्ये 'मे ए पेर्दीदो' असं म्हणतात.

याहून चांगला उपाय म्हणजे जेवढं कळलं तेवढं परत सांगणं. 'ओ सेआ...' म्हणजे 'म्हणजे...', असं म्हणून दोन-तीन शब्द जोडायचे. 'ओ सेआ, तू आबुएला, एन कासा...?' तुटकं, क्रियापद नसलेलं चालतं. समोरचा माणूस नेमका तिथूनच धागा जोडून देतो. त्या दिवशी मी हे केलं असतं तर!

८. मान हलवू नका

व्हिडिओवर किंवा समोरासमोर बोलताना आपली ती खास मान, या खांद्याकडून त्या खांद्याकडे डोलणारी, स्पॅनिश माणसाला 'हो' वाटत नाही. त्याला ते 'नाही' किंवा 'काय माहीत' वाटतं. वर-खाली हलवा, नाहीतर स्थिर ठेवून तोंडाने बोला. सहानुभूतीने आपण जिभेने 'च्च च्च' करतो, तेही टाळा, त्याला त्रासिकपणाचा वास येऊ शकतो. फोनवर तर मान दिसतच नाही, तिथे सगळा भार आवाजावर.

घरचा सराव

रेडिओवरची किंवा यूट्यूबवरची एखादी स्पॅनिश मुलाखत लावा आणि मुलाखत घेणाऱ्याच्या जागी स्वतः हुंकार भरा. पाच मिनिटं, मोठ्याने. अर्थ अर्धाच कळला तरी चालेल, विराम सापडतात का ते बघायचं. घरचे विचित्र नजरेने बघतील. भाजी चिरताना केलंत तर कमी बघतील.

दुसरा सराव वहीचा. प्रत्येक गप्पांनंतर समोरच्याने सांगितलेली एकच गोष्ट लिहून ठेवायची आणि पुढच्या वेळी तिच्यापासून सुरुवात करायची. 'के ब्येन'च्या त्या प्रकारानंतरच्या आठवड्यात मी फोन उचलताच, नमस्कार व्हायच्या आधी विचारलं, "इ तू आबुएला?" पलीकडे क्षणभर थांबणं, मग हसू. "मेहोर," त्या म्हणाल्या. आता बरी आहे.

"मेनोस माल," मी म्हणाले.