टायर रुंद की हवा कमी?

रुंद टायरची सायकल जड चालते हा समज इंदुरात इतका पक्का आहे की नवी सायकल घेणारा दुकानात शिरताच बारीक टायर मागतो. मीही या समजाचा बळी होतो. सुदामा नगरातून राजवाड्यापर्यंत रोज ये-जा करताना मांड्या भरून येत आणि मी दोन इंची टायरला दोष देत असे. खरा दोष त्यावरच्या उंच रबरी गुठळ्यांचा आणि निम्म्यावर आलेल्या हवेचा होता.

चाक फिरताना रस्त्याला टेकलेला टायरचा भाग दबतो आणि पुन्हा फुगतो. दबताना खर्चलेली सगळी ऊर्जा रबर परत देत नाही. काही उष्णतेच्या रूपाने वाया जाते. दाब सारखा ठेवला तर अरुंद टायरचा ठसा लांबट आणि रुंद टायरचा आखूड व आडवा उमटतो, म्हणून एकाच बनावटीच्या दोन टायरांपैकी रुंद टायर कमी दबतो आणि किंचित हलकाच चालतो. अडचण एवढीच की रुंद टायरमध्ये तेवढ्या दाबाने हवा भरता येत नाही आणि भरूही नये. शिवाय खडबडीत रस्त्यावर दगडासारखा फुगवलेला टायर प्रत्येक हादरा अंगापर्यंत पोहोचवतो आणि त्यातही शक्ती खर्च होते. एके काळी शर्यतीत 23 मिलिमीटरचे टायर सर्रास असत. आता तेथेही 28 किंवा त्याहून रुंद टायर दिसतात.

आकड्यांत सांगायचे तर स्वार आणि सायकल मिळून 100 किलो वजन ताशी 15 किलोमीटर वेगाने नेताना चांगल्या गुळगुळीत टायरपायी सुमारे 20 वॅट जातात, तर गुठळ्यांच्या मऊ टायरपायी 40 वॅटही जाऊ शकतात. या वेगाला वाऱ्याच्या विरोधापायी साधारण 20 वॅट जातात. वेग दुप्पट केला की हा खर्च आठपट होतो, आणि त्यात मोठा वाटा टायरचा नसून स्वाराच्या शरीराचा असतो. म्हणून सुपर कॉरिडॉरसारख्या मोकळ्या रस्त्यावर भरधाव जाणाऱ्याने आधी वाकून बसायला शिकावे. शहरातल्या गर्दीत जाणाऱ्याने मात्र टायरकडेच पाहावे.

आता करायचे काय? टायरच्या बाजूवर 37-622 असे आकडे कोरलेले असतात. पहिला रुंदी, दुसरा रिमचा व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. दुसरा आकडा बदलू नये, पहिला बदलता येतो. 70 किलोच्या स्वाराने 28 मिलिमीटरसाठी सुमारे 75, 37 साठी 50 आणि दोन इंची टायरसाठी 35 पीएसआयपासून (पीएसआय हे हवेच्या दाबाचे माप) सुरुवात करावी, पण टायर व रिमवर लिहिलेली कमाल मर्यादा ओलांडू नये. मागच्या चाकावर भार जास्त असल्याने तेथे चार-पाच पीएसआय अधिक ठेवावेत. ट्यूबला शेजारी-शेजारी दोन भोके पडली, तर खड्ड्यात रिमने ट्यूब चिमटली असे समजावे आणि हवा थोडी वाढवावी.

अंगठ्याने दाबून पाहण्यावर माझा विश्वास नाही. त्यापेक्षा वारा पडलेला असताना, सकाळी, पुढे सपाट रस्ता असलेला मंद उतार निवडावा. एकाच रेघेपासून धक्का न देता, पायडल न मारता सायकल सोडावी आणि ती जेथे थांबेल तेथे खडूची खूण करावी. दाब पाच-पाच पीएसआयने बदलून, बसण्याची पद्धत न बदलता, प्रत्येक दाबाला तीनदा पाहावे. हवा वाढवूनही खूण पुढे सरकेनाशी झाली की थांबावे.

सगळे पाहून झाल्यावर रुंदी ठरवायची तर इंदूरच्या सिमेंटच्या रस्त्यांसाठी आणि त्यांच्या सांध्यांसाठी मी 35 ते 40 मिलिमीटरचा, बिनगुठळ्यांचा टायर निवडेन. विकत घेण्यापूर्वी चिमटा (पुढचे चाक धरणारा दुशाखी भाग), फ्रेम आणि मडगार्ड यांच्यात टायरभोवती निदान सहा मिलिमीटर मोकळी जागा राहते का ते मोजावे. पावसाळ्यात माळव्याची काळी माती तेथे अडकली की चाक फिरतच नाही.