दोन इंजिनांचं विमान शिकताय? खानदेशातल्या उन्हात या चुका टाळा

शिरपूर, धुळे, जळगावच्या धावपट्ट्यांवर एका इंजिनाच्या विमानात तास भरून मल्टी-इंजिनकडे वळणाऱ्या पोरापोरींच्या डोक्यात एक समज पक्का असतो: एक इंजिन गेलं तरी दुसरं आहे ना! बहुतेक चुकांचं मूळ इथेच आहे. एक इंजिन बंद पडलं की ताकद निम्मी होते, पण वर चढण्याची क्षमता ८० टक्के किंवा त्याहूनही जास्त घटते. एका उंचीवर टिकून राहायलाच बरीच ताकद खर्ची पडते. चढायला उरते ती त्यावरची शिल्लक, आणि ती मुळातच थोडी असते.

आपला मे महिना हिशेबात न धरणं

माझ्या मते ही सगळ्यात महागात पडणारी चूक. जळगावची धावपट्टी समुद्रसपाटीपासून साधारण साडेआठशे फुटांवर आहे. पण दुपारी पारा ४५ अंशांवर गेला की हवा इतकी विरळ होते, की इंजिन आणि पंखांच्या लेखी विमान साडेचार हजार फुटांच्या पुढे असतं. यालाच डेन्सिटी अल्टिट्यूड म्हणतात. आता पायपर सेमिनोल (दोन इंजिनांचं प्रशिक्षणाचं विमान) घ्या. पूर्ण वजनात, एका इंजिनावर तिची सर्व्हिस सीलिंग, म्हणजे जिथून पुढे चढण जेमतेमच उरते ती उंची, सुमारे ३,८०० फूट. म्हणजे धावपट्टीवर उभी असतानाच तिने ती मर्यादा ओलांडलेली! टेकऑफनंतर एक इंजिन गेलं, तर ब्लू लाइनचा (एका इंजिनावर सर्वात चांगली चढण देणारा) ८८ नॉटचा वेग नेमका धरूनही चढण जेमतेमच मिळणार.

म्हणून परफॉर्मन्स चार्ट त्या दिवसाच्या, त्या वेळेच्या तापमानावर काढा. कालचा आकडा चालवू नका. वजन कमी ठेवा, सकाळचा स्लॉट मागून घ्या. आणि सातपुड्याच्या बाजूला असाल, तर इंजिन गेल्यावर तापीच्या सपाटीकडे वळायचं हे आधीच ठरवून ठेवा. तोरणमाळचं पठारच साधारण १,१५० मीटर, म्हणजे पावणेचार हजार फूट उंच आहे.

घाईत चालू इंजिन बंद करणं

हे फक्त शिकाऊ वैमानिकांकडूनच होतं असं समजू नका. ४ फेब्रुवारी २०१५ ला तैपेईत ट्रान्सएशियाच्या एटीआर विमानाचं उजवं इंजिन टेकऑफनंतर निकामी झालं आणि कॉकपिटमध्ये डाव्या, धडधाकट इंजिनाची पॉवर कमी करून ते बंद केलं गेलं. ४३ जण गेले.

क्रम अंगवळणी पडू द्या. आधी नाकाची दिशा आणि वेग सांभाळा. मग पॉवर पूर्ण पुढे, फ्लॅप (पंखांमागच्या झडपा) वर, चाकं वर. जो पाय रडरच्या (शेपटीवरच्या सुकाणूच्या) पेडलवर जोर देत नाही, त्या बाजूचं इंजिन गेलेलं. तरीही लगेच फेदर करू नका, म्हणजे बंद इंजिनाच्या प्रॉपेलरची पाती हवा कापतील अशी वळवू नका. त्या बाजूचा थ्रॉटल हळू मागे घ्या. विमानाच्या ओढीत फरक पडला नाही, तरच अंदाज बरोबर. त्यानंतर फेदर.

पण खात्री करण्यात रेंगाळूही नका. सेमिनोलमध्ये प्रॉपेलर ९५० आरपीएमच्या वर फिरत असेल तरच फेदर होतो. त्याखाली आतल्या पिना अडकतात, आणि आडवी पाती हवेत तशीच राहून विमानाला मागे खेचत बसतात.

बॉल मधोमध आणण्याचा हट्ट

एका इंजिनावर बॉल (घसरण दाखवणाऱ्या उपकरणातली गोळी) मधोमध आणि पंख सरळ ठेवले, तर विमान तिरकं घसरत उडतं. चालू इंजिनाकडे दोन-तीन अंश झुकवा, बॉल त्याच बाजूला अर्धा बाहेर राहू द्या.

व्हीएमसी डेमोत पॉवर वाढवणं

व्हीएमसी म्हणजे एका इंजिनावर दिशा सांभाळता येईल असा किमान वेग; डेमोत तिथपर्यंत जाऊन सावरायचा सराव करतात. वेग घटून नाक बंद इंजिनाकडे ओढलं जायला लागलं की हात आपसूक थ्रॉटल पुढे ढकलतो. इथे ते घातक आहे, कारण चालू इंजिनाची ताकदच विमानाला वळवत असते. त्याचा थ्रॉटल मागे घ्या, नाक खाली करा, वेग आला की पॉवर द्या. आपल्या उन्हाचा आणखी एक फास इथे आहे. विरळ हवेत साध्या, टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद घटते, म्हणून व्हीएमसी खाली येते; पण स्टॉलचा (पंखांची उचल सुटण्याचा) दर्शवलेला वेग तोच राहतो. दोन्ही जवळ आले की एका बाजूच्या जोरासह स्टॉल होतो आणि विमान स्पिनमध्ये (गरगरत खाली) जाऊ शकतं. स्टॉल हॉर्न वाजला किंवा दिशा सुटायला लागली, की तिथेच थांबा. डेमो भरपूर उंचीवर आणि इन्स्ट्रक्टरसोबतच करा.

दुसऱ्या विमानाची पद्धत इथे वापरणं

डायमंड डीए-४२ मध्ये प्रॉपचा वेगळा लिव्हरच नाही. त्या बाजूचा इंजिन मास्टर स्विच बंद केला की प्रॉपेलर फेदर होतो. सिनियरची वही पाठ करण्याआधी आपल्या विमानाचं पीओएच (वैमानिकाची माहितीपुस्तिका) उघडा.

टेकऑफ ब्रीफिंगही पुटपुटून उरकू नका. चाकं जमिनीवर असताना इंजिन गेलं, तर दोन्ही थ्रॉटल बंद आणि ब्रेक. हवेत, चाकं अजून खाली आणि समोर धावपट्टी शिल्लक असेल, तर तिथेच उतरायचं. चाकं वर घेतल्यानंतर काय करायचं, ते त्या दिवसाचा चार्ट पाहून इन्स्ट्रक्टरशी बोलून ठरवा आणि थ्रॉटलला हात लावण्याआधी मोठ्याने म्हणा.