वरळी कोळीवाडा पुन्हा पाहायला जाताना

आधी पंचांग उघडा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ निघते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. म्हणजे चतुर्थीच्या सकाळी नऊच्या सुमारास खडक उघडे पडतात आणि लहानपणीचा किनारा ओळखू येतो. अष्टमी टाळा, भांगाचं (म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या कमजोर भरती-ओहोटीचं) पाणी फार मागे हटत नाही. भर भरतीत गेलात तर खडक पाण्याखाली असतात आणि आपली जागाच नाहीशी झाली असं वाटून जीव कळवळतो.

जून-जुलैही नको. मासेमारी बंदीत होड्या वर ओढलेल्या असतात. रिकामा समुद्र पाहून धंदाच संपला असा गैरसमज होतो.

गोल्फादेवीचं मंदिर आणि किल्ला, या दोन खुणा पक्क्या धरा आणि तिथून गल्ल्या मोजत जा. घरांचे मजले वाढले तरी वळणं बहुधा तीच राहतात. जुना फोटो जुळवताना क्षितिजावर विसंबू नका, कारण 2009 पासून तिथे सागरी सेतू आहे. किल्ल्याची भिंत धरून जुळवा. कुणाच्या दारातली सुकट टिपायची असेल, तर आधी मावशींना विचारा.