टेस्टरचं रीडिंग दर वेळी वेगळं येतंय? या चुका टाळा

एकाच सॉकेटवर लूप इम्पिडन्स (फॉल्ट करंटच्या फेज ते अर्थ या पूर्ण वाटेचा अडथळा) घेतला, ०.६२ ओहम आला. पुन्हा बटण दाबलं तर ०.८९. तिसऱ्यांदा ०.७१. अशा वेळी साइटवर बहुतेकदा दोनपैकी एक गोष्ट होते. ‘टेस्टर गेला’ म्हणून तो बॅगेत टाकतात, नाहीतर तिन्हीतला बरा आकडा रिपोर्टात लिहून मोकळे होतात. दोन्ही चूक. इन्स्टॉलेशन टेस्टर, म्हणजे वायरिंग तपासायचं मीटर, सहसा उगाच आकडे बदलत नाही. आकडा कसा हलतोय ते बघा: हात हलला की उडी मारतो, हळूहळू चढत जातो, की सकाळी एक आणि दुपारी दुसराच येतो? कारण कुठं शोधायचं ते त्यावरूनच कळतं.

उडी मारणारा आकडा

इथं पहिला संशय लीड आणि क्लिपवर घ्या. दोन्ही लीड एकमेकींना जोडा, कंटिन्युइटी (वायर अखंड आहे का ते ओहममध्ये दाखवणारी टेस्ट) चालू ठेवा आणि प्लगजवळ वायर जरा वाकवून बघा. आकडा हलला तर आतली वायर तुटत आलेली आहे. मग क्रोकोडाइल क्लिप जवळून बघा. बऱ्याच क्लिपांमध्ये वायर एकाच जबड्याला जोडलेली असते, दुसरा जबडा मधल्या खिळीतून आणि स्प्रिंगमधून जोडला जातो. तिथं गंज किंवा ग्रीस बसलं, की क्लिप उलटी लावल्यावर वेगळा आकडा येतो. म्हणून वायर जोडलेला जबडाच अर्थच्या बाजूला धरा.

नल करताना, म्हणजे लीडचा स्वतःचा रेझिस्टन्स वजा करून शून्य धरताना, तर चूक हमखास होते. प्रोब लावून नल केलं आणि नंतर प्रोब काढून क्लिप लावल्या, तर ते नल कामाचं राहिलं नाही. लांब एक्स्टेन्शन लीड जोडली तरी तेच. ०.०५ ओहमचा फरक किरकोळ वाटतो, पण अडीच एमएम तांब्याच्या वायरचा रेझिस्टन्स मीटरला साधारण ०.००७४ ओहम असतो, म्हणजे तुम्ही जवळजवळ सात मीटर वायरीची चूक करताय.

अर्थिंगच्या जीआय (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी) पट्टीवर रंग, गंज, पांढरा थर असतो. त्यावर क्लिप लावून मोजू नका. कानस मारून धातू चकचकीत दिसू द्या, मग लावा. कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत बोल्टवरही काळ्या धुळीचा थर बसतो, तिथं हे विसरून चालतच नाही.

याच शेडमध्ये आणखी एक धोका आहे. मशीनची बॉडी लोखंडी कॉलमला बोल्टनं बसलेली असते. अर्थ वायर तुटलेली असली तरी स्ट्रक्चरमधून वाट मिळते आणि कंटिन्युइटी छान दिसते. बोल्ट ढिला झाला, मशीन हलवलं, की रीडिंग बदलतं. असा फरक दिसला तर मेन बंद करा, सर्किट डेड असल्याची खात्री करा, अर्थ वायर एका टोकाला सोडा आणि ती एकटीच मोजा.

लूप इम्पिडन्स: नो-ट्रिप मोड आणि हलणारा सप्लाय

सगळ्यात जास्त गोंधळ इथं होतो, म्हणून जरा सविस्तर बघू. टेस्टर आधी लोड न टाकता व्होल्टेज मोजतो, मग स्वतःचा लोड टाकून मोजतो, आणि व्होल्टेज किती पडलं त्यावरून इम्पिडन्स काढतो. हाय करंट मोडमध्ये समजा २० अँपिअर वाहिले आणि लूप ०.५ ओहम असला, तर १० व्होल्ट पडतात. ते मोजणं सोपं आहे. पण आरसीसीबी (गळती करंट दिसला की सप्लाय तोडणारा स्विच) ट्रिप होऊ नये म्हणून नो-ट्रिप मोड लावला, की करंट १५ मिलिअँपिअरच्या आसपास येतो. तेव्हा त्याच लूपवर फक्त साडेसात मिलिव्होल्ट पडतात, तेही २३० व्होल्टच्या सप्लायमधून वेगळे काढायचे! टेस्टर अनेक सायकलची सरासरी काढतो, तरी दशांश-दोन दशांश ओहम इकडंतिकडं होणारच. काही आरसीसीबींच्या कॉइलमुळंही नो-ट्रिपचा आकडा थोडा जास्त दिसतो.

त्यात तुमच्याच फीडरवर इंडक्शन फर्नेस चालू असेल, किंवा इचलकरंजीसारखं आजूबाजूला शेकडो माग चालू-बंद होत असतील, तर दोन मोजमापांच्या मधेच सप्लाय एखाद्या व्होल्टनं हलतो. टेस्टरला तोही स्वतःच्या लोडचाच परिणाम वाटतो.

मग करायचं काय? आरसीसीबीच्या वरच्या बाजूला, म्हणजे डीबीच्या (डिस्ट्रिब्युशन बोर्डाच्या) इनकमरला, जिथं सप्लाय आत येतो तिथं, हाय करंट मोडनं मोजा. तिथून पुढचा फेज आणि अर्थ वायरचा रेझिस्टन्स सप्लाय बंद करून कंटिन्युइटीनं मोजा. दोन्हींची बेरीज घ्या. नो-ट्रिपचा आकडा पडताळणीपुरता ठेवा. शक्य असेल तर फर्नेस बंद असताना किंवा साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी एकदा रीडिंग घ्या. तेव्हा आकडा स्थिर झाला, तर तो बहुधा सप्लायमुळं हलत होता, इन्स्टॉलेशनमुळं नाही.

हा फरक का महत्त्वाचा आहे ते सांगतो. २० अँपिअरच्या सी टाइप एमसीबीला झटक्यात उडायला रेटिंगच्या दहापट, २०० अँपिअर लागतात, म्हणजे २३० भागिले २००, जास्तीत जास्त १.१५ ओहम. फॉल्टच्या वेळी वायर तापून रेझिस्टन्स वाढतो, म्हणून आयईसीच्या (आंतरराष्ट्रीय विद्युत मानकांच्या) पद्धतीनुसार गार वायरवर मोजलेला आकडा याच्या दोन तृतीयांश, म्हणजे साधारण ०.७७ च्या आत हवा. आता वरचे तीन आकडे परत बघा. ०.६२ पास, ०.७१ पास, ०.८९ नापास. सरासरी काढून हा प्रश्न सुटत नाही.

मेगर: चढत जाणारा किंवा एकदम पडणारा आकडा

मेगर म्हणजे इन्सुलेशन रेझिस्टन्सची टेस्ट. लांब केबलवर ५०० व्होल्ट डीसी लावले, की केबल कपॅसिटरसारखी चार्ज होते आणि आकडा चढत राहतो. एकानं पाच सेकंदांनी वाचलं, दुसऱ्यानं चाळीस सेकंदांनी, तर रीडिंग वेगळं येणारच. दर वेळी एक मिनिट धरून वाचा. आणि टेस्ट संपल्यावर टेस्टर केबल डिस्चार्ज करेपर्यंत प्रोब काढू नका.

चढण्याऐवजी फेज-अर्थचा आकडा एकदम खाली आला, तर डीबीत एसपीडी (व्होल्टेजच्या झटक्यांपासून बचाव करणारं उपकरण) आहे का बघा. त्याच्या आतला २७५ व्होल्ट एसी रेटिंगचा व्हॅरिस्टर साधारण ४३० व्होल्ट डीसीलाच वाहू लागतो. एसपीडी काढून ५०० व्होल्टनं मोजा. काढता येत नसेल तर २५० व्होल्टनं. कसंही मोजलं तरी किमान १ मेगाओहम हवाच. स्विचबोर्डावरचे इंडिकेटर, एलईडी ड्रायव्हर, इन्व्हर्टर हे फेज-न्यूट्रलचं रीडिंग पाडतात. सगळं काढता येत नसेल तर फेज आणि न्यूट्रल एकत्र जोडून अर्थला मोजा. त्यानं इलेक्ट्रॉनिक्सही वाचतं.

आपल्याकडच्या जुलैत सकाळी मेगर कमी आणि दुपारी ऊन पडल्यावर जास्त येतो, तो टर्मिनलवरच्या ओलाव्यामुळं. गुऱ्हाळावर काहिलीची वाफ पॅनेलपर्यंत जाते, फौंड्रीत कार्बनची धूळ बसते. सप्लाय बंद करून टर्मिनल कोरड्या फडक्यानं पुसा आणि पुन्हा मोजा. आकडा उडी मारून वर गेला तर गळती वरवरची होती. नाही गेला तर केबलच्या आत बघा. तापमानही लिहून ठेवा, कारण साधारण १० अंश वाढले की इन्सुलेशन रेझिस्टन्स निम्म्यावर येतो.

आरसीसीबी: पहिलंच रीडिंग खरं

३० मिलिअँपिअरचा साधा आरसीसीबी पूर्ण करंटला ३०० मिलिसेकंदांत आणि पाचपट करंटला ४० मिलिसेकंदांत उडायला हवा. महिनोन्‌महिने न हललेली मेकॅनिझम पहिल्यांदा सुस्त चालते, दोन-तीनदा उडाली की मोकळी होते. फॉल्ट येईल तेव्हा ती त्या पहिल्या, सुस्त अवस्थेतच असणार आहे. म्हणून आधी टेस्ट बटण दाबून ‘मोकळा करून’ मग मोजू नका. पहिली वेळ लिहा, ० आणि १८० अंश (एसी लहरीच्या दोन्ही अर्ध्या भागांच्या सुरुवातीला) दोन्हीला घ्या आणि जास्तीची वेळ धरा.

रॅम्प टेस्टला (करंट हळूहळू वाढवत आरसीसीबी कितीला उडतो ते बघताना) एकदा २२ आणि एकदा १२ मिलिअँपिअर येत असेल, तर लोड चालू राहिलाय. कॉम्प्युटर, इन्व्हर्टर यांची आधीचीच गळती त्यात मिसळते. लोड काढून मोजा.

अर्थ पिट

विद्युत निरीक्षक यायच्या आधी पिटात पाण्याच्या बादल्या ओतल्या जातात, हे सगळ्यांना माहीत आहे. त्या रीडिंगला अर्थ नाही. एप्रिल-मे मध्ये, पाणी न ओतता मोजा. पन्हाळ्याच्या बाजूला जांभ्या खडकात तर नक्कीच. पावसानंतरच्या आकड्याशी त्याची तुलना करू नका.

टेस्टरच्या करंट आणि व्होल्टेजच्या खुंट्या पिटापासून सरळ रेषेत ठोका. करंटची खुंटी ३० मीटरवर असेल तर व्होल्टेजची ६२ टक्क्यांवर, म्हणजे साडेअठरा मीटरच्या आसपास. मग तीच खुंटी तीन मीटर पुढं आणि तीन मीटर मागं नेऊन बघा. तिन्ही आकडे जवळपास सारखे आले तरच रीडिंग धरा. कोल्हापूरच्या उद्यमनगरात सगळीकडं काँक्रीट, सरळ तीस मीटर मिळत नाहीत, म्हणून खुंट्या जवळ ठोकल्या जातात आणि पिट आहे त्यापेक्षा चांगला दिसतो. आवाराबाहेरचं मोकळं रान वापरा, पण खाली पाण्याची लोखंडी पाइप नाही ना, हे विचारून घ्या. पिट सोडून मोजायचा असेल तर आधी मेन बंद करा. चालू इन्स्टॉलेशनची अर्थ लिंक कधीही काढू नका.

एवढं करूनही आकडा हलतोय

सेल बदला, सगळे एकदम. नवे-जुने मिसळू नका. दुकानात १ ओहम आणि १ मेगाओहमचे चांगले रेझिस्टर एका डबीत बसवून ठेवा आणि साइटला निघण्याआधी त्यांच्यावर मोजा. डबीवरच आकडा हलला तर टेस्टर कॅलिब्रेशनला पाठवा. डबीवर स्थिर आणि साइटवर हलत असेल, तर रिपोर्टात मोड, लोड चालू की बंद, वेळ आणि हवामान लिहून सगळी रीडिंग द्या, आणि त्या सर्किटचं प्रत्येक टर्मिनल सप्लाय बंद करून आवळून बघा.