एलएलव्हीएमचं बिल्ड लिंकिंगला येऊन मरत होतं, त्यावरचा उपाय

उबुंटू, 16 जीबी रॅम, 8 कोअर. एलएलव्हीएम (कंपायलर बनवण्याचा संच), त्यातल्या क्लँग या सी/सी++ कंपायलरसकट, डीबग बिल्ड म्हणजे डीबगरला लागणारी माहिती ठेवून. कंपाइल निमूट होतं आणि लिंकिंगला (ऑब्जेक्ट फाइल जोडून प्रोग्रॅम बनवताना) ‘कलेक्ट2... एलडी टर्मिनेटेड विथ सिग्नल 9’. इथे कोडमध्ये चूक शोधत बसू नका. सिग्नल 9 म्हणजे प्रोसेस बाहेरून मारली गेली. सुडो लावून डीमेसेज (कर्नलचे संदेश दाखवणारी आज्ञा) चालवा, ‘आउट ऑफ मेमरी’ची ओळ सापडेल.

निंजा (बिल्डची कामं चालवणारं साधन) आपणहून कोअरपेक्षा 2 जास्त, म्हणजे इथे 10 कामं एकदम सोडतो. कंपाइलला ते झेपतं. पण डीबग माहितीसकट एकेका लिंकला कित्येक जीबी लागतात, आणि अशा चार-पाच एकदम सुरू झाल्या की संपलंच.

सरसकट ‘जे1’ (एका वेळी एकच काम) देण्याचा सल्ला हमखास मिळतो. तो ऐकू नका, कंपाइलही रखडतं. सीमेकला (निंजासाठी बिल्डची मांडणी करणारं साधन) एलएलव्हीएम_पॅरलल_लिंक_जॉब्स=1 द्या. हा पर्याय निंजाबरोबरच चालतो, मेक या दुसऱ्या बिल्ड साधनाबरोबर नाही. तेवढाच बदलला तर तयार ऑब्जेक्ट फाइल तशाच वापरल्या जातात.

शिवाय एलएलव्हीएम_यूज_लिंकर=एलएलडी; हा एलएलव्हीएमचाच लिंकर, नेहमीच्या एलडी लिंकरपेक्षा बराच वेगवान. एलएलव्हीएम_टार्गेट्स_टू_बिल्डमध्ये फक्त एक्स86 ठेवा, नाहीतर नको त्या प्रोसेसरांचे बॅकएंडही (त्यांच्यासाठी कोड बनवणारे भाग) बांधले जातात.

आणि डीबग खरंच हवंय का? डीबगरने आत शिरायचं नसेल तर रिलीज बिल्ड, वर एलएलव्हीएम_एनेबल_असर्शन्स=ऑन, म्हणजे कोडमधल्या आतल्या तपासण्या चालू राहतात. मात्र बिल्ड टाइप बदलला की सगळं पहिल्यापासून कंपाइल होतं, म्हणून त्याला वेगळा फोल्डर द्या.