स्वीडनच्या चर्चच्या वह्या: आधी रकाना बघा, मग अक्षर

माझ्या सासूबाईंचं माहेर स्वीडनच्या स्मोलांड प्रांतातलं. तिथल्या चर्चच्या जुन्या नोंदवह्यांतून त्या घराण्याचा माग काढताना मला एक गोष्ट पक्की पटली: संक्षेपांची यादी पाठ करत बसू नका. अक्षर कुठं बसलंय, ते आधी बघा.

‘डी.’ घ्या. नावाआधी असेल तर बहुधा ‘द्रेंग’, म्हणजे शेतावरचा गडी. आईबापाखाली मुलांच्या ओळीत असेल तर ‘दोत्तेर’, म्हणजे मुलगी. तारखेशेजारी असेल तर मृत्यू. एकच अक्षर, आणि चुकीचं लावलं की जिवंत माणूस मेलेला ठरतो! ‘एफ.’ त्या मानाने सरळ: तारखेआधी आला की जन्म. ‘टॉर्प.’ म्हणजे टॉर्पारे, खंडाच्या बदल्यात मालकाच्या शेतात राबणारं कूळ.

नावांत मधेच विसर्गासारखी दोन टिंबं दिसतात. तिथली अक्षरं पाद्र्याने गाळलेली असतात. ए-एन-डी, दोन टिंबं, एस, म्हणजे आंदेर्स.

तारखांशी मात्र जपून. ‘7ब्रिस’ म्हणजे जुलै नव्हे, सप्टेंबर! या महिन्यांची नावं लॅटिन अंकांवरून आलेली, म्हणून ‘8ब्रिस’ म्हणजे ऑक्टोबर, ‘9ब्रिस’ नोव्हेंबर आणि ‘एक्सब्रिस’ डिसेंबर. ‘डोम. 3 पी. ट्रिन.’ म्हणजे ट्रिनिटी या ख्रिस्ती सणानंतरचा तिसरा रविवार. तो ईस्टरवरून मोजावा लागतो, आणि 1740 ते 1844 या काळात स्वीडनचा ईस्टर काही वर्षी इतर देशांपेक्षा वेगळ्या रविवारी आला. म्हणून स्वीडिश पंचांगच वापरा. 1753 मध्ये पंचांग बदललं म्हणून तिथे 17 फेब्रुवारीनंतर थेट 1 मार्च उजाडला, हेही ध्यानात असू द्या.

माझं सगळ्यात लाडकं दप्तर म्हणजे ‘हूसफोरहोर्सलेंग्ड’. पाद्री घरोघरच्या माणसांची धर्मज्ञानाची परीक्षा घेई, त्याची ही नोंदवही. एका पानावर अख्खं घर, आणि एकेक वही अनेक वर्षं चाललेली. नावावर काट मारलेली दिसली की लगेच मृत्यू धरू नका, माणूस नुसता स्थलांतरित झालेला असू शकतो. त्याच ओळीत उजवीकडे ‘उट्फ्ल.’ असेल तर तो गाव सोडून गेला. पुढे ‘एन. आम.’ असेल तर उत्तर अमेरिकेला. नुसता ‘पी.’ आणि आकडा असेल तर त्याच वहीतलं ते पान उघडा, माणूस तिथे सापडेल.

एखादी खूण अडली तर त्याच पाद्र्याच्या हातची मागची-पुढची पानं वाचा. घाईत नसताना तोच शब्द त्याने कुठेतरी पूर्ण लिहिलेला असतो. स्वीडनच्या रिक्सआर्किवेट या राष्ट्रीय अभिलेखागाराने 2018 पासून ही पानं इंटरनेटवर मोफत खुली केली आहेत, तेव्हा हवी तितकी पानं चाळा.